अणूचा पहारेकरी : आदेशाकडून अधिनियमाकडे

दहाबारा माणसांचें एकत्र कुटुंब असलें म्हणजे वर्षाकांठीं कोणाचें तरी हाड दुखावतें, कोणाचा तरी खोकला लांबतो, आणि घरांतील एकदोघांना क्ष-किरणांच्या यंत्रापुढें उभें राहावें लागतें. यंत्र चालविणारा इसम "श्वास रोखून धरा" म्हणतो. आपण तो निमूटपणें रोखतों. यंत्राची तपासणी कधीं झाली, खोलीच्या भिंती किरण अडविण्याइतक्या जाड आहेत कीं नाहींत, बाहेर बांकावर बसलेल्या गरोदर सुनेच्या अंगावर कांहीं येत तर नाहीं ना, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. कोणीतरी सरकारी माणूस हें पाहत असेलच, अशी आपली समजूत असते.

ही समजूत कितपत खरी होती, तें नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीं ऑगस्ट २०१२ मध्यें संसदेपुढें ठेवलेल्या अहवालावरून कळून येतें. त्या अहवालांत वैद्यकीय क्ष-किरणांचीं ५७,४४३ केंद्रें मोजलेलीं आहेत. त्यांपैकीं नियामक मंडळाच्या दप्तरीं नोंद होती ती अवघ्या ५,२७० केंद्रांची. राहिलेलीं ५२,१७३, म्हणजे शेंकडा ९१, नोंदणीवांचून चाललेलीं होतीं. नियम मोडणाऱ्यास दंड किती, तर फार झालें तर पांचशें रुपये. आणि तो किती करावयाचा हें ठरविण्यांतहि मंडळाचा हात नाहीं. क्ष-किरणांचीं दोन चित्रें काढून घेतलीं तरी हल्लीं याहून अधिक खर्च येतो!

हें मंडळ म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. मुंबईस अणुशक्तिनगरांत 'नियामक भवन' नांवाची त्याची इमारत आहे. तारापूरच्या अणुभट्ट्यांपासून तों दंतवैद्याच्या खोलींतील लहानशा यंत्रापर्यंत सर्वांवर नजर ठेवण्याचें काम त्याच्याकडे आहे. तेथील मंडळी विद्वान आहेत; त्यांच्या कर्तव्यनिष्ठेविषयीं शंका घेण्याचें मला कांहीं कारण नाहीं. परंतु पहारेकऱ्याच्या हातीं काठी कोणीं दिली, आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न त्याच्या निष्ठेहून वेगळा आहे. हें मंडळ बेचाळीस वर्षें केवळ सरकारी आदेशावर उभें होतें. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्यास कायद्याचा पाया दिला. वर्तमानपत्रांतून त्या कायद्याची चर्चा झाली ती बहुतेक खाजगी कंपन्या, परदेशी भांडवल आणि नुकसानभरपाई यांविषयीं. पहारेकऱ्याची गोष्ट मागें पडली. म्हणून ती येथें जरा सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

आदेश आणि अधिनियम यांतील भेद वकिलांच्या घरीं मुलांनाहि ठाऊक असतो. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. संसदेच्या दोन्ही सभांनीं संमत केलेला व राष्ट्रपतींची मान्यता मिळालेला तो अधिनियम. सरकार आपल्या अधिकारांत जो ठराव करतें, जी अधिसूचना प्रसिद्ध करतें, तो सारा आदेशाचा प्रांत. अधिनियम बदलावयाचा तर पुन्हां संसदेकडे जावें लागतें आणि तेथें चारचौघांदेखत कारण सांगणें भाग पडतें. आदेश बदलावयास एक सही पुरते. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस या शब्दाची थोडी गंमत वाटेल. पाणिनीच्या शास्त्रांत आदेश म्हणजे आधीच्या वर्णास उठवून त्याच्या जागीं बसणारा. वैयाकरण त्यास शत्रूची उपमा देतात, आणि शेजारीं येऊन बसणाऱ्या आगमाला मित्राची. राज्यकारभारांतील आदेशहि स्वभावानें असाच आहे. ज्या शाळेंत मीं बरींच वर्षें शिकविलें, तेथें एका मुख्याध्यापकांनीं सूचनावहींत चार ओळी लिहून मधल्या सुटींत ग्रंथालय मुलांस मोकळें केलें. त्यांच्यामागून आलेल्यांनीं दोनच ओळी लिहून तें बंद केलें. शाळेच्या घटनेंत त्याविषयीं एखादें कलम असतें, तर निदान कार्यकारी मंडळापुढें कारण तरी सांगावें लागलें असतें.

आतां मूळ कथेकडे वळूं. अणूविषयींचा आपला पहिला कायदा १९४८ सालचा, म्हणजे राज्यघटनेच्याहि आधींचा. ६ एप्रिल १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं त्याचें विधेयक घटनासमितीच्या विधिमंडळांत चर्चेस आणलें. हिरोशिमा व नागासाकी या शहरांची राखरांगोळी होऊन तीन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. तेव्हां गुप्ततेचीं कलमें कडक असावींत हें स्वाभाविकच होतें. तरीहि एस. व्ही. कृष्णमूर्ति राव या सभासदांनीं एक मार्मिक शंका काढली. इंग्लंडच्या कायद्यांत गुप्तता आहे ती युद्धोपयोगी संशोधनापुरती. आपल्या विधेयकांत मात्र शांततेच्या संशोधनावरहि पडदा कां, असें त्यांनीं विचारलें. शांततेचें काम कोणतें आणि युद्धाचें कोणतें हें एकमेकांपासून वेगळें कसें काढावें तें आपणांस समजत नाहीं, असें नेहरूंनीं मोकळेपणानें सांगितलें. उत्तर प्रामाणिक होतें. परंतु त्या उत्तराची सावली पुढें किती लांबवर पडली, याची कल्पना त्या दिवशीं सभागृहांत कोणास आली असेल असें वाटत नाहीं.

त्याच वर्षीं ऑगस्टांत अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. होमी भाभा अध्यक्ष, आणि शांतिस्वरूप भटनागर व के. एस. कृष्णन हे सभासद. १९५४ सालीं अणुऊर्जेचें स्वतंत्र खातें निघालें आणि तें सरळ पंतप्रधानांच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. १ मार्च १९५८ च्या सरकारी ठरावानें आयोगास विस्तृत कारभारविषयक व आर्थिक अधिकार मिळाले. खात्याचा सचिव तोच आयोगाचा अध्यक्ष, अशी व्यवस्था झाली. हा सगळा डोलारा आदेशांवर उभा राहिला, आणि वेगानें उभा राहिला हें कबूल केलें पाहिजे. ऑगस्ट १९५६ मध्यें तुर्भ्याला 'अप्सरा' ही भट्टी चालू झाली. ऑक्टोबर १९६९ मध्यें तारापूरची वीज मिळूं लागली. फ्रान्समध्येंहि असेंच घडलें. मार्च १९७४ मध्यें पंतप्रधान मेस्मेर यांनीं संसदेंत वादविवाद न होतांच अणुविजेचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला, आणि एका पिढीच्या आंत त्या देशाची बहुतेक वीज अणूपासून निघूं लागली. उभारणीचें काम आदेशानें होतें, आणि कित्येकदां अधिनियमाहून लवकर होतें, याविषयीं वाद नको.

पण उभारणी निराळी आणि पहारा निराळा. उभारणाऱ्यास घाई असते. पहारेकऱ्यास ती असतां कामा नये. १९६२ सालीं जुन्या कायद्याच्या जागीं नवा अणुऊर्जा अधिनियम आला. त्यांत सर्व सत्ता केंद्र सरकारच्या हातीं एकवटली होती. स्वतंत्र नियामकाचें नांवहि नव्हतें. १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं, त्या अधिनियमांतील अधिकार दुसऱ्याकडे सोंपविण्याच्या कलमाचा आधार घेऊन, आदेशानें नियामक मंडळ स्थापण्यांत आलें. तें जबाबदार कोणाला, तर अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष कोण, तर अणुऊर्जा खात्याचा सचिव. आणि ज्या महामंडळाच्या भट्ट्या तपासावयाच्या, तें १९८७ सालीं निघालेलें महामंडळ त्याच खात्याखालीं! परीक्षार्थ्याच्या तीर्थरूपांनींच परीक्षक नेमावा, अशांतला हा प्रकार. परीक्षक कितीहि सचोटीचा असला तरी निकालावर इतरांचा विश्वास बसणें कठीण.

त्याचे चटके लौकरच बसले. ३१ मार्च १९९३ रोजीं उत्तर प्रदेशांतील नरोरा येथें जनित्राच्या दालनांत मोठी आग लागली आणि केंद्राची सारी वीज गेली. काळोखांत धीरानें काम करणाऱ्या माणसांनीं भट्टी सांभाळली. १३ मे १९९४ रोजीं कर्नाटकांत कैगा येथें बांधकाम चालू असतां भट्टीवरील आंतल्या घुमटाचें काँक्रीट कोसळलें. भट्टी अद्याप सुरू व्हावयाची होती हें आपलें नशीब. त्या काळीं, १९९३ ते १९९६ पर्यंत, ए. गोपालकृष्णन हे नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पद सोडल्यावर त्यांनीं जाहीरपणें लिहिण्यास आरंभ केला, आणि त्यांचें मुख्य गाऱ्हाणें हेंच कीं ज्याच्यावर पहारा करावयाचा त्याच्याच हाताखालीं मंडळ आहे.

पुढची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. सन २००० मध्यें सरकारनें आणखी एक आदेश काढला आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारांतील कामांवरची मंडळाची देखरेख काढून घेतली. तें काम त्या केंद्राच्याच अंतर्गत यंत्रणेकडे सोंपविण्यांत आलें. यास संसदेची अनुज्ञा लागली नाहीं, कारण मुळांत देखरेख दिली होती तीच आदेशानें. ज्या हातानें दिलें त्याच हातानें काढून घेतलें; कोठें बेकायदा असें कांहीं झालें नाहीं. आणि हें केंद्र कोठें एखाद्या वाळवंटांत नाहीं, तुर्भ्याला आहे. मुंबईची केवढी वस्ती त्याच्या अवतीभोवती आहे, हें मुंबईकर वाचकांस सांगावयास नको.

यानंतर दोन प्रसंग असे घडले कीं सरकारला जाग आली, निदान कूस बदलावी लागली. एप्रिल २०१० मध्यें दिल्लीच्या मायापुरी भागांत भंगारवाल्यांच्या दुकानांतून माणसें आजारी पडूं लागलीं. शोध घेतां असें दिसलें कीं दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशाळेंत कित्येक वर्षें पडून असलेलें एक उपकरण भंगारांत विकलें गेलें होतें आणि त्याच्या पोटांत किरणोत्सर्गी कोबाल्ट होता. एक मजूर प्राणास मुकला. विद्येच्या मंदिरांतून मोडींत गेलेली वस्तु गरिबाच्या जिवावर उठली! दुसरा प्रसंग जगजाहीर आहे. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. तेथील सुरक्षा-नियामक संस्था उद्योगखात्यांतच होती, आणि तेंच खातें अणुविजेचा पुरस्कार करी. जपानच्या संसदेनें नेमलेल्या चौकशी-मंडळानें ही आपत्ति मानवनिर्मित ठरविली आणि नियामक व उद्योगपति यांच्या संगनमतावर बोट ठेवलें. जपाननें २०१२ सालीं नव्या कायद्यानें निराळा नियामक निर्माण केला.

आपल्याकडे ७ सप्टेंबर २०११ रोजीं अशाच हेतूचें एक विधेयक लोकसभेंत आलें. तें संसदीय समितीकडे गेलें, अहवाल आला, आणि मे २०१४ मध्यें लोकसभा विसर्जित होतांच विधेयकहि कालवश झालें. मधल्या काळांत महालेखापरीक्षकांचा तो अहवाल निघाला होता. क्ष-किरणांच्या आंकड्यांखेरीज त्यांत आणखी एक गोष्ट नमूद आहे : किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेविषयीं राष्ट्रीय धोरण आंखून देण्याचें काम मंडळाकडे १९८३ सालींच सोंपविलें होतें, आणि जवळजवळ तीस वर्षें झालीं तरी तें धोरण तयार नव्हतें. आळस म्हणावा तर एवढा आळस विद्वानांकडून होत नाहीं. दुय्यम दर्जाच्या संस्थेस हात बांधलेलें काम दिलें कीं तिच्याकडून असेंच होतें, असें मला वाटतें.

येथें कोणी म्हणेल, आदेश काय अन् अधिनियम काय, कागद तो कागदच. तारापूरचा अनुभव तसें म्हणूं देत नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तारापूरच्या भट्ट्यांसाठीं तीस वर्षें समृद्ध युरेनियम देण्याचा करार केला होता. १९७४ सालीं आपण पोखरणला चांचणी केली. १९७८ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें अणुप्रसारास आळा घालणारा कायदा केला, आणि त्या कायद्यापुढें सरकारानें दिलेला शब्द टिकेना. इंधन अडलें, पुढें फ्रान्सकडून तें मिळविण्याची तडजोड करावी लागली. कायद्याचें वजन काय असतें तें तारापूरच्या भट्ट्यांस असें परक्याच्या कायद्यानें शिकविलें.

आतां नव्या अधिनियमाविषयीं. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून 'शांति' हा शब्द साधला आहे. असे शब्द जुळविण्यासाठीं इंग्रजी नांवें कशीं पिळवटलीं जातात तें पाहून आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास हसूं येतें, पण तें असो. १५ डिसेंबर २०२५ रोजीं विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें, १७ तारखेस तेथें आणि १८ तारखेस राज्यसभेंत तें संमत झालें, आणि लगेच राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. १९६२ चा अणुऊर्जा अधिनियम आणि २०१० चा अणुहानीच्या दायित्वाचा अधिनियम, दोन्ही त्यानें रद्द केले. खाजगी कंपन्यांस परवाना घेऊन अणुवीज-केंद्रें काढण्याची मोकळीक मिळाली. युरेनियम समृद्ध करणें, वापरलेल्या इंधनावर पुन्हां प्रक्रिया करणें आणि जड पाणी तयार करणें हीं नाजूक कामें सरकारकडेच राहिलीं. आणि नियामक मंडळाचें नांव, त्याची रचना व त्याचे अधिकार प्रथमच संसदेच्या कायद्यांत लिहिले गेले. पांचशें रुपयांच्या जागीं आतां गंभीर अपराधास एक कोटि रुपयांपर्यंत दंड आहे.

मंडळाविषयींच्या या भागाचें मी मनापासून स्वागत करतों. सरकारनें २०४७ सालापर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचा संकल्प सोडला आहे. २०२५ अखेर आपली सारी अणुवीज नऊ हजार मेगावॅटांहूनहि कमी होती. संकल्प पुरा होवो अगर अर्ध्यावर राहो, त्यासाठीं अधिनियमाची गरज नव्हती. संकल्प सरकारागणिक बदलतात, आणि बदलावेतहि. पण अणुभट्टी एकदां पेटली म्हणजे साठ साठ वर्षें चालते. तिची राख तर कैक पिढ्यांची सोबतीण. रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूरला फ्रेंच पद्धतीच्या सहा मोठ्या भट्ट्या योजिल्या आहेत. त्या झाल्याच तर त्यांच्या आयुष्यांत दहाबारा सरकारें येतील आणि जातील. पहारेकरी मात्र प्रत्येक नव्या धन्याच्या मर्जीवर नसावा. त्यांतून आतां खाजगी मालक येणार, म्हणजे घाई वाढणार आणि काटकसरहि वाढणार.

तरीपण या अधिनियमांत मला खटकलेल्या गोष्टी आहेत. बेचाळीस वर्षें तुंबलेलें काम चार दिवसांत उरकण्यांत आलें. २०११ चें विधेयक समितींत अडकून मेलें हें खरें. पण म्हणून २०२५ च्या विधेयकास समितीचें दर्शनहि होऊं नये, हा त्यावरचा उपाय नव्हे. मंडळाच्या सभासदांच्या नेमणुकीचीं सूत्रें केंद्र सरकारच्याच हातीं आहेत. काठी कायद्यानें दिली, पण ती कोणाच्या हातीं द्यावयाची हें घरधनीच ठरविणार. सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्यावर उलट दावा करण्याचा जो मार्ग २०१० च्या कायद्यानें, भोपाळची आठवण ताजी ठेवून, खुला केला होता, तो आतां बहुतांशीं बुजला आहे. आणि चालकाच्या भरपाईची मर्यादा भट्टीच्या आकाराप्रमाणें शंभर कोटींपासून तीन हजार कोटि रुपयांपर्यंत ठरविली आहे. फुकुशिमाचें नुकसान डोळ्यांपुढें असलेल्या माणसास तीन हजार कोटीहि थोडे वाटतील.

सर्वांत अधिक खटकतें तें गुप्ततेचें कलम. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा बाजूस ठेवून, अणुविषयक कांहीं माहिती निर्बंधित ठरविण्याची मुभा सरकारनें या अधिनियमांत घेतली आहे. शस्त्रांविषयींची माहिती झांकून ठेवावी, हें कोणीहि समंजस माणूस मान्य करील. पण कोठल्या भट्टीची तपासणी केव्हां झाली, तींत काय उणें आढळलें, तें उणें भरून निघालें कीं नाहीं, हें तारापूरच्या कोळ्यानें आणि जैतापूरच्या आंबेवाल्यानें विचारूं नये काय? कृष्णमूर्ति राव यांनीं १९४८ सालीं विचारलेला प्रश्न सत्त्याहत्तर वर्षांनीं त्याच सभेच्या वारसांपुढें पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं त्याला नेहरूंच्या इतकें मोकळें उत्तरहि मिळालें नाहीं.

अधिनियमानें जन्मलेली संस्था कायमची निर्भय होते, असेंहि कोणीं समजूं नये. अमेरिकेचा अणुनियामक आयोग १९७४ च्या कायद्यानें निर्माण झाला. पुरस्कार आणि पहारा एकाच घरांत नको, हाच त्याच्या जन्माचा हेतु. तरी २३ मे २०२५ रोजीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं आदेश काढून नव्या भट्ट्यांच्या परवान्यांचा निर्णय अठरा महिन्यांत लावण्यास त्या आयोगास फर्माविलें, आणि पुढच्याच महिन्यांत आयोगाच्या एका सभासदास पदावरून दूर केलें. तेथें फरक इतकाच कीं मूळ कायदा डोळ्यांपुढें असल्यामुळें काय मोडलें गेलें हें बोट ठेवून दाखवितां येतें. सन २००० च्या आपल्या आदेशाविषयीं तेवढेंहि करतां येत नव्हतें.

अधिनियम हा सांगाडा असतो. त्यावर मांस चढतें तें नियमांनीं. सभासदांस पदावरून कशा रीतीनें दूर करावें, तपासणीचे अहवाल केव्हां व कोठें प्रसिद्ध करावे, भट्टीच्या आसपासच्या गांवकऱ्यांस काय कळवावें, हें बरेंचसें नियमांवर अवलंबून राहील. केंद्रीय अधिनियमांखालील नियम संसदेच्या दोन्ही सभांपुढें तीस दिवस ठेवावयाचे आणि त्या मुदतींत सभासदांनीं दुरुस्ती सुचवावयाची, असा परिपाठ आहे. व्यवहारांत ते तीस दिवस बहुधा कोणीं पान न उलटतांच निघून जातात. घरांत कोणी वकील, अभियंता अगर डॉक्टर असेल, आणि आमच्या वाचकांच्या घरीं तिघांपैकीं एक तरी असतोच, त्यानें हे नियम मिळवून वाचावे, आणि आपल्या मतदारसंघाच्या खासदारांस दुरुस्तीसह एक पत्र त्या तीस दिवसांच्या आंत पोंचेल असें धाडावें.